लाल पेनानं खोडलेला परिच्छेद

अर्ज लिहिणं हा माझा धंदा नव्हता, पण खोड होती. आमचे हे विमा कंपनीत अधिकारी. दर तीन-चार वर्षांनी बदली, आणि बदली म्हटली की अर्ज आलेच. शाळेच्या प्रवेशाचा अर्ज, गॅसच्या कनेक्शनचा अर्ज, सामानाच्या ट्रकचं बिल मंजूर करून घ्यायचा अर्ज. यांची भाषा म्हणजे 'नम्र विनंती' लिहिलं की पुढं पेन अडलंच. मग मी लिहायला लागले. आणि मी लिहिलेला अर्ज नामंजूर होऊन परत आलाय, असं कधी झालं नाही. हे मी गर्वानं सांगतेय हे मला कळतंय.

दोन हजार सालानंतर आम्ही जयपूरला आलो आणि मुरलीपुऱ्यात भाड्याचं घर घेतलं. वर्षभरात गल्लीत बातमी पसरली की महाराष्ट्रवाल्या भाभीजी फार जोरदार अर्ज लिहितात. वीजबिलाच्या तक्रारीपासून जावयाच्या बदलीपर्यंत सगळं माझ्या जेवणाच्या टेबलावर यायचं. माझे नियम ठरलेले होते. एक, मूळ कागद कधी फेकायचा नाही, फाइलला लावून ठेवायचा. दोन, अर्जात रडगाणं नको. आणि तीन, आपली चूक आपण होऊन कधीही लिहायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलं तर बघू, न विचारता हात दाखवून अवलक्षण कशाला?

सिस्टर आमच्या घरी आली ती अर्जासाठी नव्हे, सासूबाईंसाठी. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाठीला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं की रोज ड्रेसिंगला कोणीतरी शिकलेलं माणूस ठेवा. ही एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करायची आणि सकाळी घरी जाताना आमच्याकडे यायची. तेव्हा तिशी उलटून गेलेली, सावळी, बुटकी, केस चापूनचोपून बांधलेले. बांसवाड्याकडच्या खेड्यातली, आदिवासी, ख्रिस्ती. वडील गावी, दोन लहान भाऊ शिकत होते, पगार तिकडं जायचा. मी मिरजेची. आमच्याकडे दवाखाने पावलापावलावर आणि नर्सबाई ख्रिस्ती असणं ही काही सांगायची गोष्ट नव्हे. त्यामुळं मला त्याचं नवल वाटलं नाही. पहिला महिनाभर मी तिला 'आप' म्हणत होते, मग कधी 'तुम' झालं ते दोघींनाही कळलं नाही. ती मला दीदी म्हणायची. आम्ही बोलायचो हिंदीत, इथं मी मराठीत लिहितेय एवढंच.

सासूबाईंना हिंदी येत नव्हतं. चाळीस वर्षं आमच्या मिरजेकडच्या कवठ्याला काढलेली बाई, तिला जयपुरात कोणाशी बोलायचं हा प्रश्नच होता. सिस्टरशी मात्र त्या बोलायच्या, मराठीतच. ती तिच्या बोलीत उत्तर द्यायची. दोघींना एकमेकींचं अर्धंमुर्धं कळत असावं. ड्रेसिंग झालं, हात धुतले की सिस्टर लगेच निघायची नाही. पलंगाशेजारच्या स्टुलावर दहा मिनिटं नुसती बसायची. सासूबाईंचा चांगला हात आपल्या हातात घेऊन. मला वाटायचं, चहाची वाट बघतेय. म्हणून मी चहा टाकायचे. दोन वर्षं मी रोज तसा चहा टाकला.

सासूबाई जानेवारीत गेल्या. कडाक्याची थंडी होती, हे ऑफिसला निघून गेले होते, मुलगी शाळेत. मी स्वयंपाकघरात होते. सिस्टर आली तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. तिनं आत जाऊन पाहिलं आणि मला हाक मारली. पुढचं सगळं रीतसर झालं. तेराव्याला सिस्टर आली, कोपऱ्यात बसली, जेवून गेली.

होळी झाल्यावर एका रविवारी दुपारी ती परत आली. चर्चहून थेट आली असावी, कारण इस्त्रीची साडी होती आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून तिनं चार पानी छापील फॉर्म काढला.

"दीदी, मला सेमिनरीत जायचंय," ती म्हणाली.

मला वाटलं सेमिनार. दोन दिवसांचं काहीतरी असेल. मग तिनं समजावलं. पाद्री किंवा चर्चचे सेवक तयार करणारी शाळा असते, तीन वर्षांचा अभ्यास, तिथंच राहायचं. बायकाही घेतात आता. शिकून आलं की दवाखान्यात, तुरुंगात, खेड्यापाड्यातल्या मंडळींमध्ये काम करता येतं. प्रवेश तिला मिळाला होता, तिच्या चर्चच्या पास्टरजींनी शिफारस केली होती. पण नोकरी सोडून तीन वर्षं राहायचं तर फी कोण भरणार आणि खाणार काय? त्यासाठी एका विश्वस्त संस्थेची स्कॉलरशिप होती. हा तिचाच फॉर्म. फी, वसतिगृह आणि थोडा हातखर्च, ज्यातून ती घरी काहीतरी पाठवू शकली असती. अट एकच अवघड होती. पस्तिशीच्या आत हवं. सिस्टरला ऑगस्टमध्ये पस्तीस वर्षं पूर्ण होत होती.

"म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही," मी म्हटलं.

"हो, दीदी."

एवढंच म्हणाली. पण रिकाम्या पिशवीची घडी तिनं तीनदा घातली आणि तीनदा मोडली. मला एकदम भरून आलं आणि जोरही आला. म्हटलं, बाई, तू आता निवांत राहा. हे काम माझं.

फॉर्म मी बारकाईनं वाचला. नाव, शिक्षण, नोकरी, डॉक्टरांचा दाखला. पास्टरजींचं पत्र. मग चर्चच्या बाहेरच्या, उमेदवाराला काही वर्षं ओळखणाऱ्या एका व्यक्तीचं पत्र. ते तिनं माझ्याकडूनच मागितलं, आणि मी आनंदानं हो म्हटलं. शेवटचं पान कोरं होतं. वर लिहिलं होतं की आपल्याला या सेवेची बुलाहट, म्हणजे देवाचं बोलावणं, कसं आलं ते लिहा. खाली बारीक अक्षरात होतं, स्वतःच्या शब्दांत, कोणत्याही भाषेत. ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं नाही. पण फॉर्मवर असं काहीबाही छापलेलंच असतं, ते का कोणी मनावर घेतं? फॉर्म इंग्रजीत, देणारे मोठे लोक, तेव्हा इंग्रजीतच हवं, असं मी ठरवून टाकलं. आपलंच घोडं पुढं दामटलं.

सिस्टरनं तिचं तिनं हिंदीत लिहून आणलं होतं. वहीचा फाडलेला कागद, दोन्ही बाजूंनी, रेषा सोडून एकही अक्षर वाकडं नाही. मी चष्मा लावला आणि लाल पेन घेतलं.

पहिल्या बाजूला गाव, आई, शाळा. बरं होतं. थोडं रडगाणं होतं तेवढं मी छाटलं. पान उलटलं. तिथं तिनं लिहिलं होतं की आई वारली तेव्हा ती देवावर रागावली. तीन वर्षं चर्चची पायरी चढली नाही, प्रार्थना केली नाही. मग वॉर्डातली एक म्हातारी. तिला बघायला कोणी येत नसे. एका सकाळी तिनं सिस्टरचा हात धरला आणि म्हणाली, बेटी, दोन मिनिटं बस, माझ्यासाठी देवाशी बोल. सिस्टर म्हणाली, अजून अकरा जणांची औषधं द्यायचीत, नंतर येते. औषधं देऊन आली तर पलंग रिकामा झाला होता आणि आया चादर बदलत होती. पुढं लिहिलं होतं: मी कामचुकार नव्हते. औषधं वेळेवर दिली. पण ती बाई एकटी गेली, आणि मी दहा पावलांवर होते. त्या दिवसापासून मी परत चर्चला जायला लागले. मला माणसाजवळ बसायला शिकायचं आहे. म्हणून मला सेमिनरीत जायचं आहे.

मी तो अख्खा परिच्छेद खोडला. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ, आणि दुसरी उलटी. एवढी जोरात की कागदाला भोक पडलं.

"दीदी, ते राहू द्या ना," सिस्टर हळूच म्हणाली.

"वेडी आहेस का तू? नर्सनं असं लेखी देतात का कुठं? उद्या दवाखान्यात कोणी वाचलं तर नोकरी जाईल. आणि तीन वर्षं देवाला मानत नव्हते म्हणून सांगतेस, ते पण कोणाला, तर चर्चवाल्यांना. आणि हे बसायला शिकायचंय म्हणजे काय? बसायला शिकायला कोणी स्कॉलरशिप देतं का?"

ती कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला जास्त कळतं, दीदी." मी तेच खरं धरलं.

त्या जागी मी काय लिहिलं ते आज सांगायला लाज वाटते. लहानपणापासून सेवेची ओढ, संकटात न डळमळलेली श्रद्धा, रुग्णांच्या चेहऱ्यावरचं हसू हाच माझा पुरस्कार, वगैरे वगैरे. इंग्रजी एक नंबर. मुलीनं कॉम्प्युटरवर टाइप करून दिलं. ती तेव्हा आठवीत होती आणि मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायची. टाइप करून झाल्यावर म्हणाली, "आई, मतलब ही आपली सिस्टर वाटतच नाही. ही कोणीतरी पुतळ्यातली बाई वाटते." मी म्हटलं, तू तुझं गणित बघ. यांनी पेपरातून डोकं वर काढलं, "पोरगी बरोबर बोलतेय," म्हणाले आणि परत खाली घातलं. घरात माझं कोण ऐकतंय, असं म्हणायची माझी सवय आहे, पण खरं तर मीच कोणाचं ऐकत नव्हते.

मे महिन्यात बोलावणं आलं. शनिवारी सकाळी, शहरातल्या एका जुन्या चर्चच्या मागच्या खोलीत मुलाखत. उमेदवारानं यायचंच, आणि बाहेरच्या ओळखीच्या व्यक्तीनंही शक्य असल्यास यावं, असं पत्रात होतं. शक्य असल्यास काय, मी तर कॉटनची चांगली साडी काढून आठवडाभर आधीच तयार होते. सिस्टरला रोज अर्धा तास बसवून तो निबंध पाठ करून घेतला. ताठ बस, डोळ्यात बघून बोल, हात चोळू नकोस. बिचारी रात्रपाळी करून यायची आणि झोप आवरत माझं इंग्रजी म्हणून दाखवायची.

आत तीन जण होते. पांढरी दाढीवाले एक गृहस्थ, आयुष्यभर सेमिनरीत शिकवून निवृत्त झालेले. एक तरुण सेक्रेटरी, त्यांच्यापुढं फायली. आणि मधोमध एक बाई, साठीच्या पुढच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, चष्म्याला साखळी. त्याच अध्यक्ष. मला बाहेर बाकावर बसवलं, पण कूलरची हवा खेळावी म्हणून दार उघडंच होतं. सगळं ऐकू येत होतं. आधी त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मग बाई म्हणाल्या, "बेटी, तुझी गवाही सांग."

गवाही म्हणजे साक्ष. मला वाटलं, कोर्टात देतात ती. सिस्टरनं म्हणायला सुरुवात केली. एक शब्द चुकली नाही. माझी छाती फुगली.

"छान आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हे तूच लिहिलंस का?"

खोटं सिस्टरला बोलता येत नव्हतं आणि खरं बोलली तर मी तोंडघशी पडणार होते. मला तिची पाठ दिसत होती. ती हात चोळत होती.

मग त्यांनी मलाच आत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सिस्टरचं कौतुक सुरू केलं. दोन वर्षांत एकही खाडा नाही, जखमा कशा भरल्या, सासूबाईंची कशी लाडकी होती. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगताय ते पटतंय. पण हा कागद बघा. अशी गुणी माणसं आमच्याकडे दरवर्षी कागदावर येतात. या कागदावरच्या मुलीचं कुठंच काही अडलेलं नाही. हिला देवाची गरज कुठं पडली, तेच यात नाही. मग मी विश्वस्तांना काय सांगू, हिला कशासाठी पाठवायचं?"

आता माझा स्वभाव. ऐकून घ्यायचं सोडून मी वाद घातला. म्हटलं, "मॅडम, अर्जात कोणी आपल्या चुका लिहितं का?"

दाढीवाले गृहस्थ हसले, चांगलं हसले. "आमच्याकडे तर त्याच लिहितात," ते म्हणाले. "दर रविवारी लोक उभे राहून सांगतात. मी इथं पडलो, इथून मला उचललं. त्यालाच गवाही म्हणतात. पडलेला भाग काढला तर उरतं काय?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर ज्या कौशल्याच्या जोरावर मी मिरवले, त्याच कौशल्यानं मी हिची वाट लावली होती. शेजारी ती बसली होती. तिनं एका शब्दानंही माझ्याकडं बोट दाखवलं नाही. ऑगस्टमध्ये ती पस्तिशीची होणार होती आणि ही एकच मुलाखत होती.

पर्समध्ये फाइल होती. माझा नियम क्रमांक एक. मी फाइल उघडली, वहीचा तो कागद काढला आणि टेबलावर ठेवला. म्हटलं, "हिनं लिहिलं होतं ते हे. ते इंग्रजी माझं आहे. हिला नको होतं, मी ऐकलं नाही."

अध्यक्षबाईंनी कागद जवळ घेतला. लाल रेघांखालची अक्षरं वाचायला त्यांना वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यांनी तो दाढीवाल्यांकडं सरकवला. त्यांनी वाचला, सेक्रेटरीकडं दिला. मग बाईंनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, रागानं नाही. "बाकीच्या पानावर तुम्ही एखादी ओळ छाटलीय. हाच परिच्छेद असा का खोडला?"

"हिच्या नोकरीला धोका झाला असता," मी म्हटलं.

"नोकरी तर ही सोडूनच येते आहे."

खरंच की. ती नोकरी सोडणार होती. हे मला मार्चमध्ये माहीत होतं, लाल पेन हातात घेतलं तेव्हाही माहीत होतं. मग मला त्या परिच्छेदाचा एवढा राग का आला होता? कागदाला भोक पडेपर्यंत?

उत्तर मला माहीत होतं. ते मी यांना सांगितलं नव्हतं, नणंदेला सांगितलं नव्हतं, देवघरात सांगितलं नव्हतं. आणि त्या परक्या खोलीत, परक्या तीन माणसांपुढं, हिंदीत, ते माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"माझ्या सासूबाई गेल्या त्या सकाळी त्यांनी मला हाक मारली होती," मी म्हटलं. "म्हणाल्या, सूनबाई, जरा बस गं जवळ. त्या कधी असं म्हणायच्या नाहीत. मी दारातूनच म्हटलं, आई, डाळ लावलीय, आले हं. डाळ लावली होती हे खरं आहे. पण ती शिजायला अर्धा तास होता. मी बसू शकले असते. मला कंटाळा आला होता. दोन वर्षं करून करून मी कंटाळले होते. मी गेले नाही. नंतर ही आली आणि हिनंच मला हाक मारली."

मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं. साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसले होते. दाढीवाल्यांनी माझा पाण्याचा ग्लास जवळ सरकवला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला, मग सिस्टरकडं वळून म्हणाल्या, "बेटी, आता तू सांग. हिंदीत सांग. कागद नको."

मला वाटतं मी उठून जायला हवं होतं, पण कोणी जा म्हटलं नाही. सिस्टरनं सांगितलं. अडखळत, मधेच थांबत. म्हातारीनं हात कुठं धरला होता ते तिनं आपल्या मनगटाला धरून दाखवलं. इंग्रजी म्हणताना जी पाठ ताठ होती ती आता वाकली होती, आणि ती हात चोळत होती. मी शिकवलेलं काहीही तिनं केलं नाही.

निघताना बाईंनी तो कागद परत दिला नाही. म्हणाल्या, हा अर्जाला जोडते.

परतीला आम्ही रिक्षा केली. लू, म्हणजे तिकडची उन्हाळ्यातली भाजणारी झळ, सुटली होती, दोघींनी पदर तोंडावरून घेतले होते, ते बरंच झालं. चौकात ती उतरली, मी पुढं आले. संध्याकाळी यांना सगळं सांगितलं, डाळीसकट. यांनी हातातला पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आई मला पण हाक मारायची. ऑफिसला उशीर होतोय म्हणून मी मागच्या दारानं जायचो." आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसून राहिलो. चहा कोणीच टाकला नाही.

तीन आठवडे काही कळलं नाही. मी रोज गेटपाशी जाऊन बघायचे, जणू पत्र माझ्याच पत्त्यावर येणार होतं. एका सकाळी सिस्टर आली ती रात्रपाळीच्या कपड्यांतच. पिशवीतून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. स्कॉलरशिप मंजूर झाली होती, तीनही वर्षांची. जुलैमध्ये हजर व्हायचं होतं. मी ते पत्र दोनदा वाचलं, मग तिला मिठी मारली. तिच्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता. मुलगी धावत आली आणि आम्ही दोघी, म्हणजे मी आणि मुलगी, तिला नाचवायला लागलो, तीच बिचारी मधे उभी.

जूनच्या शेवटी ती निरोप घ्यायला आली. पत्र्याची ट्रंक रिक्षात होती आणि रिक्षावाला गेटबाहेर थांबला होता. गाडीला अजून वेळ होता. ती सासूबाईंच्या खोलीत गेली. पलंग आम्ही हलवला होता, स्टूल तेवढं होतं. त्यावर बसली. मी दारात उभी राहिले, हातात पळी.

"सिस्टर, तू माझ्यावर रागावली नाहीस?" मी विचारलं. "त्या दिवशी, मी खोडलं तेव्हा?"

तिनं थोडा विचार केला. तिला प्रश्नाचं उत्तर शोधून द्यायची सवय होती.

"राग नाही आला, दीदी. वाईट वाटलं," ती म्हणाली. "माँजी गेल्या त्या सकाळी गॅस मी बंद केला होता. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही दारात उभ्या होतात आणि एकच म्हणत होतात, मी आले म्हटलं होतं, मी आले म्हटलं होतं. मराठीत म्हणत होतात, पण मला तेवढं कळत होतं. तेव्हाच मला समजलं. मी कोणाला बोलले नाही." ती थांबली. "अर्ज तर मला पास्टरजींनीही लिहून दिला असता. तो कागद मी आधी तुमच्याकडे आणला तो अर्जासाठी नव्हता. मला वाटलं, तुम्ही वाचाल, आणि म्हणाल, सिस्टर, माझंही असंच झालंय. मग आपण दोघी बसलो असतो थोडा वेळ. तुम्ही लाल पेन घेतलंत."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. तिच्यासाठीच वरण-भात लावला होता, गाडीत डब्यात द्यायला. दुसरी व्हायची होती, तिसरी व्हायची होती. मी आत गेले, गॅस बंद केला, पळी ओट्यावर ठेवली आणि परत येऊन तिच्याशेजारी खाली फरशीवर बसले. तिनं माझा हात हातात घेतला. बाहेर रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तरी आम्ही उठलो नाही.